वरातीच्या घोडीवर नवं जीन चढवताना

चोपड्याकडच्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी डिसेंबरात ५० इंच उंचीची घोडी घेतली. वय सहा सांगितलं, आधी ती वरातीत चालायची. जुन्या मालकानं सोबत दिलेलं खोगीर टाकलं की गुमान उभी राहते. अकरा वर्षांच्या मुलीसाठी त्यांनी कानपूरचं इंग्लिश पद्धतीचं जीन आणि नवा लगाम मागवला. आता जीन पाठीला टेकलं की घोडी पाठीची कमान करते, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) ओढला की मान वळवून चावायला येते, आणि एकदा तर अंगणात उड्या मारून तिनं जीन खाली पाडलं. ते विचारतात, डीजेसमोर नाचलेली घोडी चामड्याच्या एवढ्याशा वस्तूला का बिचकते, आणि किती दिवसांत सवय होईल?

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. घोडीचं तोंड आणि पाठ न बघता जो दिवस मोजून सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे आठवड्याभरात नव्या जिनाखाली निवांत कडबा खाणारी तट्टं झालीत, आणि एका घोडीनं आठ महिने घेतलेत. ते आठ महिने माझ्या चुकीचे होते, त्याचं पुढे सांगतो. वय, आधीच्या मालकाचा हात, कुठे दुखतंय का, आणि घरात रोज वेळ कोण देणार, या चार गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

आता डीजेचं. घोडं जे शिकतं ते जसंच्या तसं शिकतं. तुमची घोडी ‘आवाजाला घाबरायचं नाही’ असं काही शिकलेली नाही. ती एवढंच शिकली आहे की अंगावर ओळखीचं खोगीर, तोंडाशी ओळखीचा माणूस आणि पुढे बँड असला की काही होत नाही. त्या चित्रातली एक गोष्ट बदलली की तिच्यासाठी चित्रच नवं. त्यात तुम्ही बदललं काय, तर पाठीवरचं आणि पोटाखालचं. माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवणारं हे जनावर. शिकारी जनावर झडप घालतं ते पाठीवर, आणि फाडतं ते पोट. त्या दोन जागांवर अनोळखी दाब आला की उडी मारायची, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि बदल तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. आपलं देशी खोगीर म्हणजे मऊ गादी. आत चिंध्या, लोकर, जे हाताला लागेल ते भरायचं. ‘खोगीरभरती’ हा शब्द उगाच नाही आला. ती गादी पाठीवर पसरते, घोडीच्या अंगाचा आकार घेते. इंग्लिश जिनाच्या पोटात कडक सांगाडा असतो. तो कण्यावर टेकत नाही, कण्याच्या दोन बाजूंना दोन लांबट गाद्यांवर बसतो. म्हणजे जे वजन आजवर सगळीकडे पसरून यायचं ते आता ठरावीक पट्ट्यांवर येतं. शिवाय जुन्या सामानाला शेपटीखालून जाणारी दुमची असेल. नव्याला ती नसेल, म्हणून उतारावर जीन पुढे खांद्यावर सरकतं. बाजूंना चामड्याच्या झापा लोंबतात, लोखंडी रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) कोपराजवळ आपटतात, चामडं करकरतं, तेलाचा उग्र वास येतो. आपण म्हणतो ‘एक जीन’, तिच्या लेखी त्या सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एका झटक्यात तिच्यावर टाकल्या. सामान नेहमी सुटं करून ओळखीचं करायचं असतं. माझी पद्धत एवढीच. बाकी सगळं त्याचाच तपशील.

पण सवय लावायला घेण्याआधी दुखणं नाही ना, ते बघा. हे टाळून पुढे गेलात तर तुम्ही तिला दुखण्याची सवय लावत बसाल, आणि ती लागत नसते.

तोंडापासून सुरू करा. वरातीच्या कितीतरी घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतो. जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी अशा काटेरी कडियाळाला (लगामाच्या तोंडातल्या लोखंडाला) बंदी आहे, तरी यात्रेत दहा पावलांवर एक दिसतं. ओठांचे कोपरे बघा, तिथे पांढरे वळ किंवा घट्ट झालेली कातडी असेल. जीभ हळूच बाजूला घेऊन तिच्यावर जुना काप आहे का ते बघा. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये मोकळी हिरडी असते, लगाम तिथे बसतो. त्या हिरडीवर बोट फिरवताना घोडी डोकं झटकते का? काही तट्टांना पहिल्या दाढेच्या पुढे एक बारीकसा जादा दात असतो, लगाम त्यावर घासला की डोकं उडतं. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर गाल आतून सोलतात. हे काम पशुवैद्यकाचं. बोलावणार असाल तर धनुर्वाताची लस टोचलेली आहे का तेही विचारून घ्या, कारण घोड्याला हा रोग फार लवकर धरतो आणि तोंडातली जखम त्याला वाट देते. आणि वयही त्यांच्याकडून दातांवरून बघून घ्या. घोड्याचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना बदलतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. यात्रेतली ‘सहा वर्षांची’ घोडी चारची निघाल्याचं मी पाहिलंय. तशी असेल तर स्वारीची घाई सोडा, पाठीच्या कण्याची हाडं पाच-सहा वर्षांपर्यंत पक्की होत असतात.

मग पाठ. दोन बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजूंना, मानेकडून कमरेकडे, पेन्सिल धरावी इतक्या दाबानं दाबत जा. एका जागी ती पाठ खाली घेत असेल, कान मागे टाकत असेल तर खूण करून ठेवा. आयाळ संपते त्या उंचवट्याच्या बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे कधीतरी सामानानं जखम केली होती, असं समजा. आता उघड्या पाठीवर, गादीशिवाय, नुसतं जीन ठेवा. पुढची कमान खांद्याच्या फळीवर चढता कामा नये, तिच्या मागे बसली पाहिजे. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. उंचवटा आणि कमान यांत दोन-तीन बोटं जागा हवी, आणि मागून वाकून पाहिलं तर कण्यावर सरळ उजेडाची नळी दिसली पाहिजे. आपली तट्टं पाठीनं गोल आणि उंचवट्यानं बसकी असतात. तयार जिनं बहुतेक उंच घोड्यांच्या मापानं बेतलेली. ५० इंची घोडीवर १७ इंची बैठकीचं जीन म्हणजे धाकट्या भावाच्या अंगात थोरल्याचा कोट. लांबी जास्त असेल तर सवयीचा प्रश्नच मिटला, जीन बदला. फक्त सरकत असेल तर चांभाराकडून दुमची शिवून घ्या, त्यात कमीपणा नाही. माझ्याकडच्या निम्म्या तट्टांना आजही दुमची आहे.

वजनाचा हिशेब पण करून टाका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. किलोमध्ये वजन येतं, फार फरक पडत नाही. घेर १४० आणि लांबी १३० असेल तर २१४ किलो. त्याच्या पाचव्या भागापेक्षा, म्हणजे साधारण ४२ किलोपेक्षा जास्त ओझं जीन धरून नको. तुमची मुलगी यात बहुधा बसेल. तुम्ही बसत नाही. ‘आधी मी बसून घोडी तयार करून देतो’ हा विचार मनात असेल तर काढून टाका.

एवढं सगळं ठीक निघालं, तर सवयीकडे वळू. वेळ सकाळची ठेवा. आपल्याकडे मार्चनंतर आठ वाजले की ऊन चटकतं आणि घामेजलेल्या, माश्यांनी वैतागलेल्या घोडीला काही शिकवता येत नाही. उपाशीपोटी काही करू नका. आधी थोडा कडबा किंवा मक्याची कुट्टी खाऊ द्या, रिकाम्या पोटात आम्ल उसळतं आणि तंगाच्या वेळची चिडचिड कधीकधी तिथूनच येते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. तासभर घोळवण्यापेक्षा हे फार बरं.

पहिले दोन-तीन दिवस जीन तिच्या अंगावर जाणारच नाही. ते दावणीजवळच्या बाकावर ठेवा, चंदी (दाणा) तिथेच द्या. वास घेऊ द्या, हुंगून फुरफुरू द्या, ओठांनी उलथं पाडलं तर पाडू द्या. मग तुम्ही जीन हातात घेऊन तिच्या पुढून चालत जा, ती मागे. हे ऐकायला पोरखेळ वाटतं, पण घोडं ज्या वस्तूच्या मागे चालतं तिची भीती कमी होते, आणि जी वस्तू त्याच्या मागे लागते तिची वाढते. नंतर आवाज. पाच-सहा हातांवरून झापा आपटा, रिकिबी एकमेकींवर वाजवा. ती कान टवकारून डोकं वर घेईल. तिथेच थांबा, पुढे सरकू नका. डोकं खाली आलं, जीभ-ओठ चाळवले, श्वास सुटला, की आवाज बंद. यातला नेम साधायला लागतो. आवाज तिच्या उडीनंतर बंद केलात तर ती शिकेल की उडी मारली की त्रास थांबतो. ती शांत झाल्यावर बंद केलात तर शिकेल की शांत राहिलं की थांबतो. घोड्याची सगळी शाळा त्या एका क्षणात भरते.

मग स्पर्श. घरचं गोणपाट घ्या, दुमडून तिच्या खांद्यावर चोळा, पाठीवर न्या, कमरेवर, पोटाखाली, परत खांद्यावर. ज्या जागेला ती आखडते तिच्या अलीकडे थांबायचं, मागे यायचं, परत जायचं. हे दोन्ही बाजूंनी करा. वरातीची घोडी आयुष्यभर डाव्या बाजूनं हाताळलेली असते. घोड्याचे डोळे दोन बाजूंना, आणि डावीकडून सवयीची झालेली गोष्ट उजवीकडून आली की पुष्कळ घोड्यांना ती नवीच वाटते. डावीकडून मेंढरू असलेली घोडी उजवीकडून लाथ घालते ती यामुळे. उजवीकडे दुप्पट वेळ द्या.

गोणपाट कुठेही टाकलं, सरकवलं, खाली पाडलं तरी ती कडबा चघळत राहिली, की त्यावर तिचं जुनं खोगीर ठेवा. हो, जुनंच. आणि त्या खोगिराच्या बाजूंना नव्या जिनाच्या रिकिबी चामडी पट्ट्यांसकट बांधून लोंबू द्या. ओळखीच्या सामानाला अनोळखी एकच गोष्ट. दोन-तीन दिवस तसं हातात धरून फिरवा. मग रिकिबी काढून नवा तंग लावा, जुन्या खोगिरावरच. ती या तंगाला धावते की आवळण्यालाच, ते इथे कळेल. जुन्या खोगिरावर नवा तंग चालला तर तंगात दोष नाही. नाही चालला, तर रुंदी, शिवण, बकलं तपासा. बहुतेक वेळा बकल कोपरामागच्या मऊ कातडीला चिमटा घेत असतं.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षं झाली असतील. तापीकाठच्या आमच्या शेतावर एक तांबडी घोडी होती, नव्या जिनासाठी अशीच तयार करत होतो. मला वाटलं, पहिल्यांदा आहे, तंग सैल ठेवू, बिचारीला त्रास नको. जीन ठेवलं, तंग दोन भोकं सैल, आणि दोर धरून चालवायला लागलो. दहा पावलांवर ती अंग झटकायला थांबली आणि जीन फिरून पोटाखाली गेलं. पुढचं मी पाहिलं नाही, दोर हातातून गेला होता. शेजारच्या केळीत शिरली, ठिबकच्या नळ्या पायात घेऊन चार ओळी पलीकडे निघाली. नळ्या आणि झाडांचे पैसे भरले, ते सोडा. पण तंग हातात दिसला की ती घोडी थरथरायची. तिला परत तंगाखाली उभं करायला मला आठ महिने लागले. त्या वेळी माझे वडील रोज ओट्यावरून बघायचे. एकदाच बोलले, ‘घोडाले घाई नही, तुले शे.’

तर तंग सैल ठेवणं ही दया नव्हे. चालवण्याआधी जीन फिरणार नाही इतका तो पक्का हवाच. पण तिथवर एका ओढीत जायचं नाही. उभ्या जागी एक भोक, मग मानेवर खाजवा, दोन मिनिटं जाऊ द्या, दुसरं भोक. तिनं पोट फुगवलं तर वाट बघा, श्वास सुटेल. पुढचा पाय धरून एकदा पुढे ताणा, म्हणजे तंगाखाली सापडलेली कातडी मोकळी होते. मग चार पावलं, परत तपासणी. एका बाजूला चार भोकं आणि दुसऱ्या बाजूला एक, असं करू नका, दोन्हीकडे सारखं. नवं जीन चढवताना ते खांद्याकडे थोडं पुढे टेकवून मागे सरकवा, म्हणजे केस उलटे होत नाहीत. वरून आपटू नका. उजवीकडचा तंग आणि रिकीब आधीच वर टाकून ठेवलेली असू द्या आणि पलीकडे जाऊन हातानं खाली सोडा.

लगामाला याच दिवसांत हात लावू नका. पाठीचं आणि तोंडाचं नवं सामान एकत्र आलं की ती कशाला चिडली ते तुम्हाला कळत नाही. पाठ शांत झाल्यावर, किंवा वेगळ्या वेळी, मोरकी (डोक्याला बांधायची साधी दोरी) घातलेलीच ठेवून वरून लगाम. कडियाळ साधं, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेलं चालेल. तोंडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर बाहेर राहील इतकं रुंद. थंडीत लोखंड हातात धरून कोमट करा, त्याला गुळाचं पाणी लावा. तोंड उघडायला अंगठा त्या मोकळ्या हिरडीवर ठेवला की पुरतो, दातांवर लोखंड आपटायचं नाही. कानावरून पट्टा घालताना कान दुमडून ओढू नका, पुष्कळ घोड्या लगामाला नाही, कान पिळण्याला विटलेल्या असतात. नाकावरच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत. आधी काही दिवस ती तो चघळत नुसती उभी राहू दे. बागडोर (धरून न्यायचा दोर) मोरकीलाच लावा, लगामाला बांधून घोडी कधीच उभी करायची नाही. आणि मोरकीचा दोरही खांबाला थेट नाही. मध्ये सुतळीचा फास ठेवा, तिनं हिसका दिला तर सुतळी तुटावी, मान नाही.

तुम्हाला गावात कुणीतरी सांगेलच, किंवा एव्हाना सांगितलं असेल, की ‘जीन आवळून खांबाला बांध, दमली की आपोआप गप्प होते’. होते. मीही तरुणपणी केलंय. दमलेली घोडी आणि पटलेली घोडी लांबून सारख्याच दिसतात. फरक पुढच्या वेळी कळतो. दमलेलीच्या डोळ्याचा पांढरा दिसत असतो, शेपूट दाबलेलं असतं, श्वास आखडलेला, आणि महिन्याभरानं पिशवीचा आवाज झाला की ती जिथून सोडली होती तिथूनच परत सुरू करते. तेव्हा वर तुमची मुलगी असेल.

इथवरचं एकत्र सांगायचं तर आधी दुखणं बघा, मग सामान सुटं करून एकेक ओळखीचं करा, तंग हळू पण पक्का, लगाम वेगळ्या दिवशी. एखादी पायरी बिघडली तर तिच्या अलीकडच्या पायरीवर एक दिवस घालवा, सुरुवातीला परत जायची गरज नसते.

सगळं चढवून चालायला लागली की लांब दोरावर दोन्ही दिशांना फिरवा, आधी चाल, मग दुडकी. दुडकीत रिकिबी आपटायला लागतात, तिथे एखादी उडी येईल, येऊ द्या, दोर सोडू नका, चालीवर आणा. वीस मिनिटांनी जीन उतरवून घाम बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा असेल तर बसवणी ठीक. ओल्यामध्ये तळहाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे जीन टोचतंय. मग दहा किलो सरकीची पिशवी दोन्हीकडे समान भरून जिनावर टाका, चालवा. पिशवी हलते, करकरते, हीच त्यात मजा आहे.

मुलीला बसवताना तुम्ही घोडीच्या डोक्याशी. हेल्मेट, टाचेचा बूट, आणि रिकीब बुटापेक्षा दोन्हीकडे बोटभर रुंद, पाय अडकला नाही पाहिजे. जमिनीवरून चढवू नका, त्यानं जीन एका बाजूला खेचलं जातं. ओट्यावरून किंवा बैलगाडीच्या जुवावरून चढवा. पहिल्या दिवशी ती आडवी टेकेल, पोटावर, उतरेल. दुसऱ्या दिवशी पाय टाकेल, उतरेल. घोडीला ‘वर माणूस आला की लांब पळायचं’ ही वरातीची सवय नसली तरी ‘वर माणूस आला की नाचायचं’ ही असू शकते. तिनं पुढचे पाय उचलायला सुरुवात केली तर रागावू नका, ते तिला मेहनतीनं शिकवलेलं काम आहे. पुढे चालवा, चालत्या पायांनी नाचता येत नाही.

आणि ते जुनं खोगीर विकू नका, माळ्यावर टाकू नका. आठवड्यातून एकदा तेच टाका आणि मुलीला तिच्या शेजारून नदीपर्यंत पायी फिरवून आणायला लावा.